हळदाबाईच्या दारी

मंजुळाबाईला आयुष्यात फार काही नको होतं. रविवारी चर्चमध्ये बायांच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसायला मिळावं, एवढंच तिचं मागणं. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? बसावं की! पण सगळी मंडळी जिच्या तोंडाकडे बघत बसलेली असते, त्या बाईने बसायचं कधी, हे आम्हाला कोणी विचारू नये. तिलाही कोणी विचारलं नाही.

कळमनुरीहून नांदेडच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला चिंचखेड्याचा फाटा लागतो. फाट्यावर उतरून पांदीने चालत सुटलं की आधी हळदीची शेतं, मग मारुतीचं देऊळ, मग गावच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं. त्या घरांच्या मधोमध पत्र्याचं चर्च. चर्च म्हणजे एक लांबट खोली. पुढे पायरीभर उंच ओटा, ओट्यावर प्रवचनासाठी लाकडी पुलपिट, बाहेर लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. म्हातारे सोनाजीबाबा दर रविवारी त्यावर लोखंडी पहार हाणायचे, की झाली घंटा. वरच्या आळीतल्या बायाही त्या आवाजावर चुलीवर भात चढवायच्या.

मंजुळाबाई याच गावची सून. लग्नाला दोन पावसाळे होत नाहीत तोच नवरा तापाने गेला. पोटी लेकरू नव्हतं. सासू मोठी धोरणी. तिने सुनेला माहेरी धाडली नाही आणि घरातही बसवली नाही, तर मिशनच्या बायांच्या शाळेत नेऊन घातली. तिथे मंजुळाबाई लिहा-वाचायला शिकली, शास्त्र शिकली आणि बायबलबाई होऊन परत आली. बायबलबाई म्हणजे पाळकाच्या हाताखालची बाई. घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करायची, लेकरांना गाणी शिकवायची. बाकी सगळं पाळकाचं. पुलपिट पाळकाचं, बाप्तिस्मा पाळकाचा, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पाळकाचा. बायबलबाईने सतरंजी झटकावी. मंजुळाबाईची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. सतरंजी झटकून झाली की त्याच सतरंजीवर बसता येत होतं.

मग किल्लारीकडे भूकंप झाला. गावोगावची मिशनची माणसं मदतीला निघाली, त्यांत चिंचखेड्याचे पाळकही निघाले. "महिनाभरात येतो," म्हणाले. महिन्याचे सहा महिने झाले, आणि तिकडूनच त्यांची कुठे तरी दुसरीकडे नेमणूक झाल्याचं कळलं. नवा माणूस मिळेना. शेवटी चिंचखेडा हिंगोलीच्या पाळकसाहेबांना जोडून दिलं. त्यांच्याकडे आधीच इतकी गावं होती की एका रविवारी कुठे कुठे पोचावं, हे त्यांच्या फटफटीलाही उमगत नसे.

पाळक गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सोनाजीबाबांनी सवयीने घंटा वाजवली. सवयीनेच लोक जमले. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. सगळे रिकाम्या पुलपिटाकडे बघत बसले. कोणी खाकरलं, कोणाचं लेकरू रडलं. मग हळूहळू एकेक मान मंजुळाबाईकडे वळली. मंजुळाबाई मागे-पुढे बघू लागली, जणू तिच्या मागेच कोणी तरी उभं होतं.

"बाई, उठा की," शेजारी बसलेली नीलाबाई तिला कोपराने ढोसत म्हणाली. "दोन शब्द सांगा. दिवस काहून वाया घालवता?"

मंजुळाबाई उठली. आणि त्या दिवसापासून तिला कोणी बसू दिलं नाही.

मर्यादा मात्र तिने कधी सोडली नाही. ओट्यावर पाय ठेवला नाही. पायरीच्या खाली, जमिनीवर उभी राहून शास्त्र वाचायची. जे सांगायची त्याला प्रवचन म्हणायची नाही, 'दोन शब्द' म्हणायची, भले ते तासभर चालोत. आणि सगळ्यांत मोठी मर्यादा होती शेवटच्या आशीर्वचनाची. भक्ती संपताना पाळक दोन्ही हात वर करतात, तळवे मंडळीकडे करतात आणि म्हणतात, देवाची कृपा तुम्हांबरोबर असो. हे 'तुम्हां' म्हणायचा हक्क दीक्षा झालेल्या पाळकाचा. ज्याची दीक्षा झाली नाही त्याने हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, आपणांबरोबर असो. म्हणजे मी देणारा नव्हे, तुमच्यातलाच एक मागणारा. शाळेत हे तिच्याकडून घोटून घेतलं होतं. बाकीच्यांना 'तुम्हां' काय अन् 'आपणां' काय, सारखंच वाटेल. मंजुळाबाईला त्या एका शब्दाची आयुष्यभर धास्ती होती.

असे रविवारामागून रविवार गेले. आठवडाभर मजुरी होतीच. चिंचखेड्याच्या शिवारात हळद मोठी. माघ-फाल्गुनात हळद खणायची, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, मोठ्या कढईत शिजवायची, खळ्यावर वाळत घालायची. त्या दिवसांत मंजुळाबाईचे तळहात असे पिवळे होत की कितीही घासले तरी उतरत नसत. वरच्या आळीतल्या बाया चेष्टा करायच्या, "बाई, तुमचं बरं हाय. लगीन न्हाई, कार्य न्हाई, अन् हळद रोजची!" मंजुळाबाई हसायची. विधवेची अशी चेष्टा कोणी करत नाही, तिची करत होते, यात माया आहे हे तिला कळत होतं.

मजुरीहून आली की दारात कोणी तरी बसलेलंच असायचं. कोणाच्या सुनेचं आणि सासूचं पटत नाही. कोणाचं लेकरू तापलंय. कोणाचा नवरा पिऊन आला आहे, बाईंनी येऊन दोन शब्द सांगावेत. बाई जायची, दोन शब्द सांगायची आणि परत येऊन गार भाकरी खायची. गुडघे धरले होते. रविवारी उभं राहिलं की उजव्या गुडघ्यातून अशी कळ यायची की तिने प्रार्थनेत देवाला हाक मारली तर ती भक्तीने मारली का कळेने, हे देवालाच ठाऊक.

हिंगोलीचे पाळकसाहेब वर्षातून तीन-चारदा यायचे. माणूस चांगला होता, फक्त नेहमी घाईत असायचा. त्यांना पुढच्या गावी पोचायचं असे, फटफटी नेहमी काही तरी मागायची. ते आले की मंजुळाबाईला वाटायचं, आज आपण बसायचं. आज डोकं खाली घालायचं, आणि दुसऱ्या कोणी तरी आपल्यावर हात वर करून 'तुम्हांबरोबर' म्हणायचं. आणि नेमकं त्याच वेळी पाळकसाहेबांचा चहा ठेवायला तिला उठावं लागायचं. भक्ती संपल्यावर चहा ठेवला तर उशीर होई. सगळ्या मंडळीवर आशीर्वाद उतरायचा तेव्हा मंजुळाबाई मागच्या पडवीत स्टोव्हला पंप मारत असायची. दर वेळी. स्टोव्हच्या फरफरीत तिला 'आमेन' तेवढं ऐकू यायचं.

थकली होती ती. कोणी विचारलं असतं तर सरळ म्हणाली असती, थकले मी.

आता हळदाबाईची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका नावावरून झालं.

शास्त्रातल्या बायांच्या गोष्टी मंजुळाबाई हळदीच्या खळ्यावर सांगायची. हातांना काम, कानांना गोष्ट. दबोरा नावाची बाई खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे न्याय करायची, ही गोष्ट सांगितली तेव्हा बाया खो खो हसल्या. त्यांच्या माहितीत तसलं झाड म्हणजे शिंदीचं, आणि शिंदीखाली पिणारे बसतात, न्यायाधीश नव्हे. येशूची कबर रिकामी आहे हे आधी बायांनी जाऊन सांगितलं आणि पुरुषांना ते खरंच वाटलं नाही, हे ऐकून मात्र कोणी हसलं नाही. "बराबर हाय," एवढंच नीलाबाई म्हणाली आणि हळकुंड कडकन मोडलं.

एक दिवस मंजुळाबाईने हुल्दाची गोष्ट सांगितली. यरुशलेमच्या राजाला देवळात जुनं शास्त्र सापडलं. वाचून राजा घाबरला. ही देवाचीच वाणी का, हे कोणाला विचारावं? देवळात मोठमोठे पुरोहित होते. पण राजाने त्या पुरोहितालाच धाडलं एका बाईकडे. हुल्दा तिचं नाव. नवरा कपड्यांच्या कोठीवर कामाला. साधं घर, गावच्या एका अंगाला. पुरोहित आणि राजाची माणसं तिच्या दारी गेली, तिने सांगितलं ते ऐकलं आणि माघारी जाऊन राजाला तेच सांगितलं.

"काय नाव म्हणलं, बाई?" नीलाबाईने विचारलं.

"हुल्दा."

"हळदा?"

बाकीच्या बायांनी आपापल्या हातांकडे बघितलं. पिवळे हात. एकीचं तोंड असं उजळलं की मंजुळाबाई बघतच राहिली.

"म्हंजी आपल्यावानीच व्हती म्हणा! हळदीच्या कामाची. म्हणून हळदाबाई!" नीलाबाई म्हणाली. "अन् पुरोहित तिच्या दारी गेलते!"

मंजुळाबाईने तोंड उघडलं होतं. हुल्दा म्हणजे हळद नव्हे, असं सांगणार होती. पण दिवसभर उन्हात वाकलेल्या त्या बाया पहिल्यांदाच ताठ बसल्या होत्या, आणि तिचाही जीव दमलेला होता. उद्या सांगू, असं म्हणून तिने ते राहू दिलं. तो उद्या काही आला नाही. हुल्दाची हळदाबाई झाली, आणि होता होता मंजुळाबाईलाच बाया हळदाबाई म्हणू लागल्या.

पुढे नव्याण्णव साली चैत्रात सोनाजीबाबा आजारी पडले. आठवडाभर अन्नाचा कण पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्यांचा मुलगा भागवत कळमनुरीला गेला, एसटीडीवरून हिंगोलीला फोन लावला. पाळकसाहेब एका लग्नासाठी दूरच्या गावी गेले होते. निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन लावला, तेव्हा फटफटी बिघडली होती, उद्या निघतो म्हणाले. पाळकसाहेबही दमलेले असणार, त्यांना तरी काय म्हणावं! पण सोनाजीबाबांना उद्याचा भरवसा नव्हता.

भर दुपारी भागवत खळ्यावर आला. "बाई, बाबा तुमाला बोलावून राहिले."

मंजुळाबाई तशीच उठून गेली. हात धुवायलाही थांबली नाही. बाबा बाजेवर पडले होते. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे जागे होते. नीलाबाई उशाशी बसून पदराने वारा घालत होती. मंजुळाबाईने शास्त्रातला त्यांच्या आवडीचा भाग वाचला. प्रार्थना केली. मग हात जोडले, डोळे मिटले आणि शिकली होती तसं म्हणाली, "देवाची कृपा आपणांबरोबर असो."

"काय म्हणलीस?" सोनाजीबाबांनी विचारलं.

तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने मोठ्याने म्हटलं, "आपणांबरोबर असो, बाबा."

"आपणां काहून? तू कुठं चाललीस?"

मंजुळाबाईने डोळे उघडले.

"चाललो मी एकटा. तू माझ्यासंगं येऊन राहिलीस का?" बाबांना दम लागला, नीलाबाईने पाण्याचा चमचा तोंडाला लावला, पण त्यांनी मान फिरवली. "मंजुळे, पोरी, मला नीट म्हण. हात वर कर अन् मला म्हण. जन्मभर घंटा वाजवली म्या. आता जातानी कोणी तरी मला म्हणलं पायजे."

"बाबा, मला तसा हक्क न्हाई. पाळकसाहेब उद्या येऊन राहिले."

"उद्या म्या न्हाई."

उन्हाने पत्रा तडतडत होता. मंजुळाबाईला शाळेतली बाई आठवली, छडी आठवली, पुलपिटाची पायरी आठवली. मग तिने बाबांकडे बघितलं. लिंबाखाली पहार घेऊन उभा राहणारा माणूस एक शब्द मागत होता, आणि तो शब्द तिच्या तोंडात होता. तिने दोन्ही हात वर केले. तळवे त्यांच्याकडे केले. पिवळेजर्द तळवे, हळदीच्या मातीने भरलेले. आणि म्हणाली, "सोनाजीबाबा, देवाची कृपा तुम्हांबरोबर असो."

"आमेन," बाबा म्हणाले. "आता बराबर झालं."

दिवस मावळायच्या आत ते गेले.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी आले ते मातीला. भागवतने भाबडेपणाने सगळं सांगितलं. आपला बाप किती शांतपणे गेला, बाईंनी हात वर करून कसा आशीर्वाद दिला, हे सांगताना त्याचा ऊर भरून येत होता. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. पण सोबत आलेल्या, मिशनच्या पंचांपैकी एकाने ते वर कळवलं असावं, कारण वैशाखात पाळकसाहेब दोन पंचांना घेऊन चौकशीला आले.

चर्चमध्ये सगळी मंडळी बसली. मंजुळाबाई पायरीपाशी उभी. एका पंचाने विचारलं, "तुम्ही हात वर करून 'तुम्हां' म्हटलं, हे खरं का?"

"व्हय, म्हणलं मी."

"नियम ठाऊक नव्हता?"

"ठाऊक व्हता."

तिला अजून काही सांगता आलं असतं. पण काय सांगणार? नियम तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होता, तोच तर तिचा गुन्हा. पाळकसाहेबांना हे प्रकरण मिटवायचं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "पुन्हा होणार नाही, एवढं म्हणा आणि संपवू," असं ते बोललेही. मंजुळाबाई म्हणणारच होती. तेवढ्यात बायांच्या रांगेतून नीलाबाई उठली.

"काहून म्हणतील त्या?" ती म्हणाली. "शास्त्रातच हाय. पुरोहित हळदाबाईच्या दारी गेलते. ती बी आमच्यावानी हळदीच्या कामाची व्हती. मग आमच्या बाईनं म्हणलं तर काय बिघडलं?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. "कोण हळदाबाई?"

नीलाबाईने राजाची, सापडलेल्या शास्त्राची, पुरोहिताची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. पण प्रत्येक वाक्यात हळदाबाई. पाळकसाहेबांच्या लक्षात आलं आणि ते हसले. मुद्दाम नाही, हसू आलं त्यांना.

"अहो बाई, हुल्दा! हळदीचा काही संबंध नाही. यहुद्यांच्या इब्री भाषेतलं नाव आहे ते. मुंगूस, घूस असल्या कुठल्या तरी प्राण्यावरून पडलेलं."

पुरुषांच्या रांगेत कोणी तरी फिस्सकन हसलं. नीलाबाईने मंजुळाबाईकडे बघितलं. ते बघणं मंजुळाबाईला शेवटपर्यंत विसरता आलं नाही. तुमी सांगितलं व्हतं ना बाई, असं ते बघणं होतं.

"चूक माझी हाय," मंजुळाबाई म्हणाली. "मला ठाऊक व्हतं. मी दुरुस्त केलं न्हाई."

मग काय, पंचांना आयताच धागा सापडला. हात वर केल्याचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण बाई मंडळीला भलतंच शिकवते, असं एकदा ठरलं की ते सुटत नाही. निकाल असा झाला: मंजुळाबाईंनी यापुढे भक्ती चालवू नये. पाळकसाहेब दर महिन्याला स्वतः येतील. तोवर बाईंनी विश्रांती घ्यावी. 'विश्रांती' हा शब्द पंचांनीच वापरला, आणि तो ऐकून मंजुळाबाईला खरोखर हायसं वाटलं. लाज वाटली, वाईट वाटलं, पण पोटातून हायसंही वाटलं. इतकी वर्षं मागितलेलं मिळालं होतं. बसायचं होतं, बसा म्हणाले.

ती बसली. पुढच्या महिन्यात पाळकसाहेब आले, तेव्हा चहा भागवतच्या बायकोने करायचा ठरला होता. पण ऐन वेळी तिच्या लेकराला उलट्या झाल्या, आणि आशीर्वचनाच्या वेळी मंजुळाबाई पुन्हा पडवीत स्टोव्हला पंप मारत होती. त्याच्या पुढच्या महिन्यात पांदीला इतका चिखल झाला की फटफटी फाट्यावरूनच परत गेली. नंतर पाळकसाहेबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मग कोणीच आलं नाही.

घंटा वाजवायला सोनाजीबाबा नव्हते. भागवतने दोन-तीनदा पहार हाणली, लोक आले, रिकाम्या पुलपिटाकडे बघत बसले आणि उठून गेले. माना मंजुळाबाईकडे वळत होत्या, पण ती जमिनीकडे बघत होती. पुढे लोक यायचेच थांबले. चर्चला कुलूप लागलं. नाताळ आला तसा गेला. बाया तिच्याशी बोलत होत्या, खळ्यावर भाकरी वाटून खात होत्या. फक्त आता तिला कोणी हळदाबाई म्हणत नव्हतं, आणि गोष्ट सांगा असंही म्हणत नव्हतं. नीलाबाई तर तिच्यापासून दोन हात लांबच बसायची.

विश्रांतीची गंमत अशी की ती मंजुळाबाईला लाभेना. रविवारी ती आपल्या दारात भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसायची, अगदी मनात धरलं होतं तस्सं. आणि उभी असताना दमायची त्याच्या दुप्पट दमायची. गुडघ्याची कळ तशीच होती. देवाला हाक मारायलाही निमित्त उरलं नव्हतं. एवढं बसून काय मिळालं, असं ती स्वतःलाच विचारायची, आणि उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

पुन्हा हळदीचे दिवस आले. एका रविवारी सकाळी ती अशीच बसली होती. गुडघा सुजला होता, उठता येत नव्हतं. बघते तो पांदीच्या बाजूने नीलाबाई येत होती, मागे भागवतची बायको, तिच्या मागे आणखी पाच-सहा जणी. सगळ्या खळ्यावरून आल्या होत्या. लुगड्यांना हळदीची माती, हात पिवळे. नीलाबाईच्या बगलेत चर्चमधली सतरंजी होती.

"कुलूप?" मंजुळाबाईने विचारलं.

"भागवतकून उघडून घेतलं. सतरंजी तेवढी आणली. बाकीचं ऱ्हाऊ द्या तिथंच."

नीलाबाईने दारात सतरंजी अंथरली. बाया बसल्या. मंजुळाबाईचा जीव घाबरा झाला. "नीलाबाई, मला मनाई हाय. अन् मला उभं बी ऱ्हावत न्हाई."

"उभं ऱ्हा कोण म्हणतंय? बसा." नीलाबाई तिच्यासमोरच बसली. बऱ्याच दिवसांनी दोन हातांच्या आत. "एक इचारते, त्याचं खरं सांगा. ती हळदाबाई नव्हती. मुंगूस असंल, घूस असंल, काय असंल ते. पण पुरोहित तिच्या दारी गेलते का न्हाई?"

"गेलते."

"ते तरी खरं?"

"ते खरं. देवाशपथ."

"मग झालं. आमी बी आलो." नीलाबाई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. "तुमी तवाच सांगितलं असतं तर माझं हसं झालं नसतं, बाई. लई लागलं मला."

"ठाऊक हाय मला," मंजुळाबाई म्हणाली. "चुकले मी."

"चुकल्या. आता गोष्ट सांगा."

मंजुळाबाईने बसूनच गोष्ट सांगितली. हुल्दाचीच, या वेळी बरोबर नावाने. बायांनी ऐकली. भागवतच्या बायकोने गाणं धरलं, सूर चुकला, सगळ्यांनी तो चुकलेलाच सूर शेवटपर्यंत नेला. नीलाबाईने प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत गुडघ्यापासून जावयापर्यंत सगळं देवाच्या कानावर घातलं. मग शेवट आला. आशीर्वचनाची वेळ. बाया वाट बघू लागल्या. मंजुळाबाईने सवयीने हात जोडले, तोंड उघडलं, पण एक शब्द निघेना. इतकी वर्षं सगळ्यांसाठी मागून मागून तिच्यापाशी मागायलाही काही उरलं नव्हतं. तिने मान हलवली. नुसतीच हलवली.

नीलाबाई उठली. तिने दोन्ही हात वर केले आणि तळवे मंजुळाबाईकडे केले. पिवळे, भेगाळलेले, नखांत माती अडकलेली. तिला शास्त्रातले शब्द धड येत नव्हते.

"देवा, तुझी किरपा," ती म्हणाली, आणि अडली. मग म्हणाली, "बाई, तुमच्याबराबर असू दे. तुमच्याबराबर."

बाकीच्या बायांचेही हात वर झाले होते.

'आपणांबरोबर' म्हणायचं असतं, हे मंजुळाबाईच्या अगदी ओठांवर आलं. तिने तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं, डोकं खाली घातलं आणि या वेळीही चूक दुरुस्त केली नाही.

"आमेन," ती म्हणाली.